आरोलकरांची रेघ

आरोलकर मोजत असताना त्यांच्याशी बोलायचं नसतं, हे मला बोलून बसल्यावर कळलं. नोकरीचा माझा तिसरा की चौथा दिवस असेल. दुबईच्या देऱ्यात खाडीसमोर दुसऱ्या मजल्यावर आमचं शिपिंगचं ऑफिस होतं आणि खाली धक्क्यावर लाकडी लाँचींमध्ये माल चढत असे. चहा, टायर, ब्लँकेटं, फ्रीज, इराणला आणि सोमालियाला जे काय जायचं ते. मी टायपिस्ट. एका कागदावर सही हवी होती म्हणून जिना उतरून धक्क्यावर गेले. एक बारकेसे, सावळे गृहस्थ फळीला कागद लावून उभे होते. कानावर एक पेन्सिल, हातात दुसरी. हमालाच्या पाठीवरून खोकं गेलं की कागदावर एक रेघ. मी म्हणाले, "एक्स्क्यूज मी, मिस्टर आरोलकर?" उत्तर नाही. पुन्हा म्हणाले. त्यांनी मान वर न करता डाव्या हाताचा तळवा माझ्या नाकासमोर धरला आणि उजव्या हाताने रेघा मारत राहिले. तो तळवा वीस मिनिटं तसाच होता, असं मी संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. खरी पाचच असतील. पण दुबईच्या उन्हातली पाच मिनिटं काही कमी नसतात.

शेवटचं खोकं चढलं तसे ते वळले आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, "हां, बोला मॅडम. सॉरी हां. मोजताना बोललं की एक खोकं बोलण्यात जातं."

ते आमच्या कंपनीचे टॅली क्लार्क होते. लाँचीत किती नग चढले हे मोजायचं, कागद वर पाठवायचा, मी तो टाइप करायचा. चार उभ्या रेघा, पाचवी त्यांच्यावर आडवी, की झाली एक जुडी. त्यांचा कागद मला इतका पाठ झाला होता की तापात स्वप्न पडलं तर जुड्यांचं पडे. आकडा ते शेवटी, अगदी नाइलाज म्हणून लिहीत. मी एकदा विचारलं, "भाऊ, शंभर झाले की शंभर लिहा ना सरळ. एवढी रांगोळी कशाला?" ऑफिसात त्यांना सगळेच भाऊ म्हणत, केरळचे मॅनेजर थॉमससाहेबसुद्धा. भाऊ म्हणाले, "आकडा सगळ्यांचा मिळून असतो, मॅडम. रेघ एकेकाची असते."

त्यांचं दुसरं एक वाक्य होतं, आणि ते दिवसातून दोनदा तरी ऐकावंच लागे. "नजरेखालून गेलं ती रेघ. बाकी सगळ्या गप्पा." भाजीवाल्याने काकड्या ताज्या आहेत म्हटलं, तरी हेच. कुणी कुणाच्या पगाराबद्दल सांगितलं, तरी हेच. या वाक्यावरून आम्ही त्यांची पुष्कळ थट्टा केली. मग तो ब्लँकेटांचा प्रकार झाला आणि थट्टा जरा कमी झाली.

ब्लँकेटांची सहाशे खोकी बंदर अब्बासला जायची होती. आमच्या अल क्वोजच्या गोदामातून ट्रक भरून आले, कागदावर सहाशे, ड्रायव्हरची सही सहाशेवर. आरोलकरांच्या रेघा पाचशे नव्व्याण्णव. भरती उतरायला लागली होती. नाखवा इराणी, रागीट, पायातली चप्पल हातात घेऊन ओरडत होता, "यल्ला, यल्ला! वन कार्टन, हबीबी! लिखो और खलास करो!" थॉमससाहेब खाली धावले. "भाऊ, एक लाइन मारो ना. क्या फरक पडता है?"

आरोलकर म्हणाले, "साब, मेरे सामने से गया नहीं."

"तो फिर से गिनो."

"गिनूँगा. उतारो."

सहाशे खोकी, म्हणजे पाचशे नव्व्याण्णव, उतरवली. पुन्हा चढवली. पुन्हा पाचशे नव्व्याण्णव. लाँच त्या दिवशी गेली नाही. शेठने वर बोलावून आरोलकरांना जे काय सुनावलं, ते काचेच्या दारातूनही मला शब्दन् शब्द ऐकू आलं. ते बाहेर आले, माझ्या टेबलावरचं पाणी न विचारता प्यायले आणि खाली गेले. तिसऱ्या दिवशी ते खोकं गोदामातच फ्रीजच्या मागे सापडलं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं आता तरी स्वारी जरा छाती पुढे काढेल. पण ते म्हणाले, "ते गोदामात आहे हे मला कुठे माहीत होतं? मी पाहिलं नव्हतं, एवढंच." त्यांच्या हक्काची सीनियरची जागा त्या वर्षी दुसऱ्याच कुणाला मिळाली.

या माणसाने आयुष्यात एकदाही मत दिलेलं नव्हतं, आणि ते एकदा तरी द्यावं ही त्यांची एकच हौस होती.

वडील वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात शाळामास्तर. निवडणूक आली की शाळेतच मतदान, आणि वडिलांना तिथेच ड्यूटी. पडद्याआड माणूस एकटाच जातो, आत काय करतो ते कुणाला दिसत नाही आणि तरीही ते मोजलं जातं, हे त्यांना लहानपणापासून विलक्षण वाटे. तेव्हा मताचं वय एकवीस होतं. त्यांना एकवीस व्हायला चार महिने कमी असताना एक निवडणूक झाली. वडील म्हणाले, "पुढच्या वेळी." पुढच्या वेळेआधी ते बोटीत बसून दुबईला आले. मग सुटी आणि निवडणूक यांची कधी गाठच पडेना. एकदा मुद्दाम बिनपगारी रजा काढून गेले, रांगेत उभे राहिले, तर यादीत नावच नाही. टेबलावरचा ओळखीचा माणूस हसून म्हणाला, "अरे, तू तर दुबैवालो. तुझा नाव कित्याक ठेवतले?" नाव केव्हाच कापलं होतं. ते आम्हाला ही हकिगत रंगवून सांगत आणि शेवटी डाव्या हाताची तर्जनी वर करून दाखवत. "कोरं बोट घेऊन परत आलो!" हसतच सांगत. मीही हसायची. आपण तेव्हा किती सहज हसतो.

"इथे मत नाही कारण आपण पाहुणे," ते म्हणत. "तिथे मत नाही कारण आपण गेलेले. मधल्या मधे आपण कोण, सांगा मॅडम?"

मी म्हणायची, "आपण फॅमिली व्हिसावाले." त्यांना ते फार आवडायचं.

फॅमिली व्हिसावाले ते होतेही. अल मनखूलला आमच्याच इमारतीत, एका फ्लॅटमधल्या दोन खोल्यांत ते, बायको सुनंदा आणि मुलगी अश्विनी राहत. सुनंदा बर दुबईतल्या एका दवाखान्यात नर्स. कमी बोलणारी, कामाला वाघ. अश्विनी शाळेत. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा संवाद. "अश्विनी, जेवलीस का गं?" "नॉट येट, आंटी." वक्तृत्व स्पर्धेतला तिचा कप आरोलकरांनी आधी ऑफिसात आणून सगळ्यांना दाखवला आणि मग घरी नेला, त्यावरून सुनंदा त्यांच्याशी दोन दिवस बोलली नव्हती.

मग कॅनडाची साथ आली. साथच म्हणायची. पेपरात एजंटांच्या जाहिराती, आणि शुक्रवारी कुणाकडे जेवायला जावं तर यजमान पोळी वाढता वाढता स्वतःचे पॉइंट मोजतायत. वयाचे इतके, शिक्षणाचे इतके. माझ्या नवऱ्यानेही फॉर्म आणला. आरोलकरांचा अर्ज सुनंदाच्या नावावर होता, कारण नर्सला मागणी. एजंटकडे लोक पगाराचं विचारत, थंडीचं विचारत, शाळेचं विचारत. आरोलकरांनी पहिला प्रश्न विचारला, "मत कधी देता येतं?" एजंट बिचारा फाइल बंद करून त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने कुठेतरी फोन करून सांगितलं की तीन वर्षं तिथे राहायचं, नागरिक व्हायचं, की मत. भाऊंनी ते लगेच खिशातल्या वहीत लिहून घेतलं.

तिघंही गेली. विमानतळावर मी डबा घेऊन गेले होते. अश्विनी सोळा वर्षांची होती आणि रडत होती, आणि आरोलकर तिला सांगत होते, "अगो, रडतेस काय, तुला तिकडे अठराव्या वर्षीच मत!"

तीन महिन्यांनी सकाळी ऑफिसात शिरले तर आरोलकर त्यांच्या खुर्चीत. मी दचकलेच. म्हणाले, "तिथे मोजायला माणूस लागत नाही, मॅडम. खोक्यावर पट्ट्यापट्ट्यांची चिठ्ठी असते. मशीन धरलं की टूं वाजतं. टूं, टूं, टूं. झालं मोजून." गोदामांतून, दुकानांतून सगळीकडे विचारून झालं होतं. सुनंदाची तिथली नर्सची परीक्षा व्हायची होती, तोवर ती म्हाताऱ्यांच्या एका आश्रमात कमी पगारावर काम करत होती. भाडं भरायचं कोणी? म्हणून असं ठरलं की त्या दोघी तिथेच राहतील, आणि हे दोन वर्षं दुबईत काढतील. "फक्त दोन वर्षं. मग मी कायमचा. इन्शाल्ला." अल मनखूलच्या खोल्या सोडून ते देऱ्यात सहाजणांच्या खोलीतल्या एका खाटेवर राहायला गेले.

अशी दोन वर्षं काढणारे पुरुष तेव्हा दुबईत घरटी एक होते. दोन वर्षांची किती होतात ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

आता त्या वहीबद्दल सांगायला हवं, कारण ती आठवली की मला आजही गलबलून येतं. नागरिक व्हायचं तर मागच्या चार वर्षांतली तीन वर्षं तिथे राहिलेलं असावं लागे. आरोलकरांनी वहीच्या मागच्या पानांवर कॅनडात काढलेल्या दिवसांची टॅली सुरू केली. एक दिवस, एक रेघ. पहिल्या तीन महिन्यांच्या अठरा-एकोणीस जुड्या. मग दर वर्षी सुटीत महिनाभर जाऊन आले की सहा जुड्या वाढत. परत आल्यावर पहिल्या सकाळी, कोट काढायच्या आधी, ते रेघा मारून टाकत. एक दिवस बघते तर ते वहीत खोडरबर चालवतायत. आरोलकर, आणि खोडतायत! मी विचारलं, "काय चुकलं?"

"चुकलं नाही," ते म्हणाले. "चारच वर्षं धरतात ना. मागचं गळतं. पहिले तीन महिने आता गेले." रबराचा भुगा त्यांनी फुंकला. "मी पुढून खोकी चढवतोय, मॅडम, आणि मागून कोणीतरी उतरवतोय."

त्या दिवशी मी घरी जाऊन नवऱ्याचा भरलेला फॉर्म काढला आणि मसाल्याच्या डब्यांखाली अंथरला. तो चिडला. मी म्हटलं, जायचं तर मुलांसकट चौघं जाऊ आणि चौघं राहू, नाहीतर इथेच बरे आहोत. पुढे बरीच वर्षं माझ्या जिऱ्या-मोहरीखाली कॅनडा होता.

पण मताची हौस काही सुटली नाही, उलट तिला बाळसं आलं. सुनंदा आणि अश्विनी नागरिक झाल्या. त्यांचं घर ज्या मतदारसंघात होतं त्याचा नकाशा आरोलकरांनी मागवून घेतला आणि खाटेशेजारच्या भिंतीवर लावला. टोरंटोच्या कडेचा कुठला तरी लांबट तुकडा, एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला ओढा. आमच्या ऑफिसात सगळ्यांना न विचारताच त्या मतदारसंघाची सगळी माहिती झाली. कोण उभे, कोणाचा पक्ष कुठला, गेल्या वेळी कोण कितीने पडला, ओढ्यापलीकडच्या वस्तीत कुणाचं पारडं जड. थॉमससाहेब म्हणत, "भाऊ, अपने केरला का तो कुछ बोलो." भाऊ म्हणत, "केरला में मेरा घर है क्या?"

अश्विनीने पत्रातून दोन गोष्टी कळवल्या आणि भाऊ हरखून गेले. एक, तिथे मत पेन्सिलने देतात. पडद्यामागे पेन्सिल ठेवलेली असते, आपल्या माणसासमोर फुली मारायची. दुसरी, मतं हाताने मोजतात. संध्याकाळी तिथेच टेबलावर पेटी उपडी करून, एकाने नाव वाचायचं आणि दुसऱ्याने कागदावर रेघा मारायच्या. चार उभ्या, पाचवी आडवी.

"ऐकलं का मॅडम? खोकी मशीन मोजतं आणि मतं माणूस मोजतो! असा देश!" दिवसभर त्यांना दुसरं सुचत नव्हतं. संध्याकाळी जिन्यात थांबून हळूच म्हणाले, "नागरिक झालो की मोजणीला नाव देणार. एका दिवसाचं काम असतं. तेवढं तर मला येतं."

अश्विनीने पहिलं मत दिलं तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ड घेऊन ते फोनच्या बूथकडे निघाले, मला म्हणाले चला, तुम्हीही बोला. माझ्यासमोरच त्यांनी विचारलं, "बोटावर शाई कुठे लावली? डाव्या की उजव्या?" पलीकडून ती एवढ्या मोठ्याने हसली की मला बाहेर ऐकू आलं. "बाबा, देअर इज नो इंक हिअर!" त्यांचा चेहरा पडला. "शाई नाही? मग दिलं हे कळणार कसं?" ती म्हणाली, "दे ट्रस्ट यू, बाबा." फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "विश्वास ठेवतात म्हणे."

पुढच्या वर्षांचं फार सांगण्यासारखं नाही. सुनंदा परीक्षा पास झाली, हॉस्पिटलात लागली. आता या, असं तिने म्हटलं असेल का? मला माहीत नाही, मी विचारलं नाही. मला वाटतं, एका वर्षी ती म्हणाली तेव्हा ते म्हणाले अश्विनीच्या कॉलेजची फी होऊ दे, आणि फी भरून ते निघायला तयार झाले तेव्हा तिने या म्हटलं नाही. दर शुक्रवारचा फोन महिन्यावर आला. एका सुटीत ते गेले आणि महिन्याऐवजी बारा दिवसांत परत आले. "दोघींना रजा नव्हती," एवढंच बोलले. वहीत दोन जुड्या आणि दोन रेघा मारल्या. मग एके दिवशी कॅनडाचं कायमच्या रहिवाशाचं कार्डही गेलं, कारण त्याला लागणारे दिवसही भरत नव्हते. आता तिकडे जायचं तर आपण जसे मावशीकडे व्हिसा काढून जातो, तसं जायचं. वहीची मागची पानं त्यांनी त्यानंतर उघडलेली मी पाहिली नाहीत.

आणि अशात बातमी आली की अश्विनी उभी राहणार आहे. निवडणुकीला! पंचवीस वर्षांची मुलगी, एका लहानशा पक्षातर्फे, त्याच ओढ्याच्या मतदारसंघातून. निवडून येण्याचा प्रश्नच नव्हता, ते भाऊंनी आम्हाला पहिल्याच दिवशी आकडेवार समजावून दिलं. पण त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. धक्क्यावरच्या हमालांना, नाखव्यांना, चहावाल्याला, सगळ्यांना सांगून झालं. नाखवा म्हणाला, "माशाल्ला, तो कॅनडा का वोट किसको डालना है बोलो!" भाऊ त्यालाही गंभीरपणे म्हणाले, "तुमको नहीं आता. मेरे को भी नहीं आता."

त्यांनी तिला फोन केला. मी येतो म्हणाले. पाट्या लावीन, पत्रकं वाटीन, मोजायला लागलो तर मोजीन. ती म्हणाली, "बाबा, यू डोन्ट हॅव टू." तरी त्यांनी व्हिसाचा अर्ज केला. मुलाखतीची तारीख मिळाली ती मतदानानंतरची.

तिचं प्रचारपत्रक कॉम्प्युटरवरून मीच छापून काढलं. ऑफिसात तोवर इंटरनेट आलं होतं, त्यांना त्यातलं कळत नसे. अश्विनीचा फोटो, छान दिसत होती, अगदी आरोलकरांची जिवणी. खाली चार ओळी होत्या. दुबईत वाढलेली, सोळाव्या वर्षी या देशात आलेली. आणि मग, एकट्या आईने मला वाढवलं. त्या एका कमावत्या बाईचे कष्ट पाहूनच मी आज तुमच्यासमोर उभी आहे.

छापू नये असं फार वाटलं. पण ते माझ्या खुर्चीमागे उभेच होते. कागद हातात घेऊन त्यांनी तो एकदा वाचला, मग पेन्सिलीचं टोक ओळींवरून फिरवत पुन्हा वाचला. मी टाइपरायटरची धूळ पुसत बसले, जो आम्ही वर्षभर वापरत नव्हतो. मला त्या मुलीचा इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "भाऊ, हे तिने असं का लिहावं?"

त्यांनी कागदाची नीट घडी घातली. "पत्रकात जागा कमी असते, मॅडम," ते म्हणाले. "मतदाराला थोडक्यात सांगावं लागतं."

मग जरा वेळाने स्वतःशीच म्हणाल्यासारखं बोलले. "आणि खोटं कुठे आहे? तिच्या नजरेखालून कोण गेलं? सुनंदाच गेली."

आता तो शेवटचा दिवस. माझाही ऑफिसातला तो शेवटचा दिवस होता. नवऱ्याने पुण्यात नोकरी घेतली होती, मुलांच्या शाळा संपल्या होत्या, दोन दिवसांनी आम्ही दुबई सोडणार होतो. तिकडे मतदान संपून रात्र झाली की इकडे सकाळ होते. मी आठला पोचले तर आरोलकर माझ्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून बसलेले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. समोर फळीला लावलेली टॅलीची कोरी शीट.

मी कॉम्प्युटर लावला. मतदारसंघ सापडला. पाच उमेदवार होते. पहिला हजारोंनी पुढे होता. अश्विनी सगळ्यांत खाली, पाचवी. मी म्हटलं, "भाऊ, चारशे अकरा."

"पूर्ण झालं मोजून?"

"झालं. शेवटचं आहे."

त्यांनी पेन्सिलीला टोक केलं आणि रेघा मारायला सुरुवात केली. मला वाटलं दोन-चार मारून थांबतील. थांबले नाहीत. चारशे अकरा माणसं त्या ओढ्याच्या कडेने शाळांमध्ये आणि हॉलमध्ये गेली होती, आणि त्यांच्या मुलीसमोर फुली मारून आली होती. ती त्यांनी एकेक करून मोजली. थॉमससाहेब आत आले, मी तोंडावर बोट ठेवलं, ते तसेच उभे राहिले. खालून हमाल ओरडत होते, "भाऊ! माल आया!" त्यांनी डावा तळवा खिडकीकडे धरला. ऑफिसात पेन्सिलीचा आवाज तेवढा होता. ब्याऐंशी जुड्या झाल्या. आणि शेवटी एक सुटी, एकटी रेघ.

चारशे अकरा. मी माझ्या सवयीने जुड्या मोजल्या होत्या, बरोबर होत्या.

आरोलकरांनी पेन्सिल कानावर ठेवली. त्या शेवटच्या रेघेकडे बघत बसले. मग कानावरची पेन्सिल काढली आणि तिच्याशेजारी, अगदी लगत, आणखी एक रेघ मारली.

इतकी वर्षं मी त्यांचे कागद टाइप केले होते. एका खोक्यासाठी ज्यांनी लाँच थांबवली होती, ते हेच. माझ्या तोंडून गेलं, "भाऊ, एक जास्त झाली."

"माहीत आहे."

माझ्याशी ते नेहमी शुद्ध बोलत, मॅडम मॅडम करत. त्या दिवशी मान खाली घालून, डाव्या हाताची कोरी तर्जनी त्या रेघेवर ठेवून म्हणाले, "गो बाय, ही मी बघूक नाय. पण ही होती."

मी रडले. थॉमससाहेबांना मराठी येत नव्हतं, तेही खिडकीबाहेर बघायला लागले. आरोलकरांनी शीटच्या तळाशी, जिथे टॅली क्लार्कने सही करायची असते, तिथे सही केली. तो कागद फळीवरून काढून शर्टाच्या खिशात ठेवला, नवा लावला आणि उठले. मला म्हणाले, "निघण्याआधी भेटून जा." आणि खाली गेले.

दुपारी माझं सामान पिशवीत भरून, सगळ्यांचा निरोप घेऊन मी धक्क्यावर गेले. टायर चढत होते. एकामागून एक, हमालाच्या खांद्यावरून, फळकुटावरून, लाँचीच्या पोटात. आरोलकर उन्हात उभे राहून रेघा मारत होते. मी दहा पावलांवर थांबले. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, माल संपत नव्हता. मी आलेय हे त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी डावा हात जरासा उचलला. पण मान वर केली नाही, आणि मीही हाक मारली नाही.